फाटकावरचे पाच चेहरे

आमच्या कारखान्याच्या फाटकावर भिंतीत एक पडदा बसवला आहे, शाळेच्या पाटीएवढा. रोज सकाळी तो मला हिंदीतून विचारतो, आज तुम्हाला कसं वाटतंय? खाली पाच गोल पिवळे चेहरे. पहिला दात काढून हसणारा, शेवटचा रडणारा, मधले तिघे अधेमधे. एकावर बोट ठेवून हजेरीचं कार्ड लावलं की फिरतं फाटक उघडतं, नाही ठेवलं तर उघडत नाही. म्हणजे मी कशी आहे हे सांगितल्याशिवाय मला कामावर जाता येत नाही, आणि सांगितलं तर ऐकायला तिथे कोणी नसतं. या पडद्यावरून मी दोन वर्षं मनातल्या मनात जळते आहे. आज लिहूनच टाकते.

मी टाइम ऑफिसात काम करते. हजेरी, रजा, शिफ्ट, हे आमचं खातं. कारखाना खाजगी, भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतला, लोखंडी तुळया आणि सांगाडे बनवणारा. नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून शिल्लक आहे आणि मला ती सोडायची नाही. सोडायची कुणी, हा माझा प्रश्न आहे.

हजेरी म्हणजे काय, हे मी नोकरीच्या आधीच शिकले होते. माझे वडील विदर्भातून इकडे आलेले, प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्यात, क्लर्क. सेक्टर दहामध्ये आमचं क्वार्टर होतं. मी सातवीत असताना वडील काविळीने अंथरुणाला खिळले. चौथ्या दिवशी त्यांच्या खात्यातला एक माणूस सायकलवर घरी आला. खुर्चीवर बसला, आईने दिलेला चहा प्यायला, वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं, आईला सहज विचारलं की भाजी कोण आणतं, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दारात भाजीची पिशवी होती. पुढचे तीन आठवडे होती. तो माणूस आमच्या दूरच्या नात्यातलाही नव्हता. त्याच्याकडे फक्त एक रजिस्टर होतं आणि त्यात वडिलांच्या नावापुढे तीन फुल्या पडल्या होत्या.

मी या कारखान्यात लागले तेव्हा आमचे टाइमकीपर मल्याळी होते. त्यांचीही तीच रीत. माणूस न सांगता तीन दिवस आला नाही की चौथ्या दिवशी स्कूटरला किक. ते निवृत्त झाले तेव्हा रजिस्टर माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर ही रीतही आली. मी स्कूटीवर खुर्सीपार, कुम्हारी, अहिवारा, कुठे कुठे गेले आहे. दारू पिऊन पडलेले पाहिले, बायकोशी भांडून रुसून बसलेले पाहिले, एकाच्या घरी तर मी पोचले आणि तिरडी बांधणं चालू होतं. लोक मला चिडवायचे. मी कॅन्टीनमध्ये शिरले की कोणीतरी म्हणायचं, "संभालो, मॅडम आ गई, कौन तीन दिन से गायब है?" मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग एचआरला नवे साहेब आले. रायपूरचे, तिशीतले, गोड बोलणारे. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर तोंडसुख घेणार आहे. त्यांनी कॅन्टीनच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं, समोसे वाटले आणि पडद्यावर चित्रं दाखवली. आता एआय आपली काळजी घेणार. तुम्ही रोज फक्त एक चेहरा दाबायचा. कोण थकलं, कोण उदास आहे, कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, हे यंत्र आधीच ओळखणार. त्यांचा शब्द वेलनेस. मागे बसलेल्या एका वेल्डरने विचारलं, "साहब, पंखा भी लगेगा क्या, वेल्डिंग शॉप में?" सगळे हसले. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पंखा अजून लागायचा आहे.

त्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी सांगितलं की लोकांच्या घरी जाणं बंद करा. प्रायव्हसीचा प्रश्न आहे, मॅडम. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौथ्या दिवशी घरी जाऊन चहा प्यायला तर ते खाजगी गोष्टीत नाक खुपसणं, आणि फाटकावर चारचौघांत रोज मन उघडं करायला लावलं तर ती काळजी! पण तेव्हा मी गप्प बसले. गप्पच बसले असं नाही, मी मदत केली. सुरुवातीला लोक पडद्यासमोर गोंधळून उभे राहायचे, रांग रस्त्यापर्यंत जायची, मला उशिराच्या नोंदी कराव्या लागायच्या. म्हणून मी स्वतः पडद्याशेजारी उभी राहिले आणि ओरडून सांगू लागले, "पहिला दाबा आणि चला. विचार कशाला करता? पहिला दाबा." आठ दिवसांत रांग संपली. साहेबांनी मेलमध्ये माझं कौतुक केलं. सगळा कारखाना हसरा झाला होता.

दोन महिन्यांनी शिफ्टचा तक्ताही यंत्र बनवू लागलं. आधी मी पेन्सिलीने बनवायचे. कोणाच्या घरी लग्न, कोणाची पोरगी दहावीला, कोणाला साखरेचा आजार, हे डोक्यात ठेवून खोडरबर घेऊन बसायचं. यंत्राची रीत वेगळी. ज्याचा चेहरा महिनोन्महिने हसरा, त्याचा रंग हिरवा. हिरवा माणूस म्हणजे मजबूत, त्याला रात्रपाळी झेपते. ज्याचा चेहरा उतरलेला तो पिवळा, त्याला थोडं जपायचं, दिवसाची शिफ्ट द्यायची. ऐकायला वाटतं की किती शहाणपणाचं आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहिते आहे त्याच्याबद्दल सांगते. आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वरून फिरणारी मोठी क्रेन आहे. ती सव्वीस वर्षं एकच माणूस चालवत होता. त्याचे वडील भंडाऱ्याकडून येऊन नंदिनीच्या चुन्याच्या खाणीत लागले, तो नंदिनी नगरमध्येच वाढला, आणि आता अहिवाऱ्यात घर बांधून राहतो. आमच्यासारखाच घरात मराठी बोलणारा. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई म्हणतो. उंच, मोजकं बोलणारा, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर.

क्रेनवाल्यांची आमच्याकडे एक रीत आहे. ड्रायव्हर शिफ्टच्या सुरुवातीला हुक, दोर, ब्रेक पाहतो आणि मग शिडीला हात लावतो. खाली इशारा देणारा सिग्नलमन उभा असतो. तो वर पाहून छत्तीसगढीत विचारतो, "बने हे?" ठीक आहे का? ड्रायव्हर शिडीवरून म्हणतो, "सब बने हे." मगच खालची माणसं कामाला लागतात. दहा दहा टनांची तुळई डोक्यावरून जाणार असते. त्या माणसांना तेवढा शब्द पुरतो. शिडीवर चढताना ड्रायव्हर दुसरं काही बोलत नाही. डोकं दुखतंय, झोप झाली नाही, घरी भांडण झालं, हे शिडीच्या आधी सांगायचं आणि त्या दिवशी चढायचं नाही. एकदा चढला की शब्द दिला. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि भाऊंनी तो सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नाही. त्यांच्या क्रेनखाली कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा लेक यायची, ती त्याच गावात दिलेली आहे. पण तिची लेकरं लहान, संध्याकाळी तिला परत जावं लागायचं. रात्री कूस बदलायला भाऊच. आणि भाऊ फाटकावर रोज पहिला चेहरा दाबत होते, म्हणून हिरवे होते, म्हणून यंत्र त्यांना महिन्यातले तीन आठवडे रात्रपाळी देत होतं, आणि त्या रात्री कूस बदलायला कोणी नसायचं.

मला हे कळायला चार महिने लागले. माझ्या स्कूटीला कुलूप होतं ना! ते एकही दिवस गैरहजर राहिले नाहीत, आणि राहिले असते तरी मला जायची परवानगी नव्हती. एका दुपारी ते माझ्या खिडकीशी आले, चष्मा हातात घेऊन.

"ताई, माह्यी रात्रपाळी थोडी कमी होईन का?"

"का भाऊ? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. मोजून चार वाक्यांत. शेवटचं वाक्य होतं, "पाठीले जखम झाली तिच्या. बोटभर हाये अजून."

मी त्यांना आधी रागावलेच. "चार महिने? अन् मले आज सांगता?"

"कोणाले सांगू? मशीन बनवते म्हणे शिफ्ट. मशीनची खिडकी कुठं हाये?"

मी लगेच अर्ज टाकला. कंप्युटरमध्येच टाकायचा असतो, कागद घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कर्मचाऱ्याचं स्वास्थ्य उत्तम आहे, मागच्या दोनशे नोंदी सकारात्मक आहेत, बदलाची गरज आढळली नाही. खाली हात जोडल्याचं एक चित्र. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, मैं सिस्टम को ओवरराइड करूँगा तो कल सब आएँगे." आणि वर, "उन्होंने खुद बताया है कि वो खुश हैं." हे मात्र खरं होतं. त्यांनीच सांगितलं होतं. मी पडद्याशेजारी उभी राहून त्यांच्याकडून सांगून घेतलं होतं.

आता माझी चूक. पॅकिंगमधली दोन जवान पोरं हुशार निघाली होती. त्यांनी आठवडाभर चौथा चेहरा दाबला, पिवळी झाली आणि दिवसाच्या शिफ्टवर आली. छान हिंडत होती. मला वाटलं, सापडला मार्ग. मी भाऊंना बोलावून सांगितलं की पुढच्या आठवड्यात तुमची दुपारची शिफ्ट आहे, रोज शेवटचा चेहरा दाबा. शुक्रवारी नवा तक्ता निघेल, रात्र जाईल.

ते तयार होईनात. मला वाटलं लाज वाटत असेल. तसं नव्हतं.

"ताई, मी शिडी चढाच्या आधी रडका चेहरा दाबू? खालचे लोक काय म्हणतीन?"

"खालच्यांना कुठे दिसतंय? मशीनला सांगायचं आहे."

"पण मी तर सांगून राहिलो ना. एकीकडे सांगाचं का मी बरोबर नाही, अन् मंग वर जाऊन बसाचं. असं नाही चालत."

"मग खरं सांगा, भाऊ. बरोबर आहात का तुम्ही?"

त्यांनी चष्म्याची काडी उघडली. मग म्हणाले, "वर बसलो का बरोबर असतो. हात नाही हालत माह्या. खाली उतरलो का मंग नाही." आणि काडी मिटत, "कावून इचारते ते मशीन? आपल्या घरचं फाटकावर सांगत असते का कोणी?"

मी वकिलासारखी बोलले. भिंतीला सांगायला काय जातंय तुमचं? बायकोच्या पाठीकडे पाहा. रीत काय करायची आहे धरून? हो, मी असं म्हटलं, रीत काय करायची आहे. ज्या बाईची स्वतःची रीत बंद केल्यावर तडफड झाली तिने हे म्हटलं. भाऊंनी शेवटी मान हलवली. बायकोची पाठ डोळ्यांपुढे होती, आणि माझ्यावर विश्वास होता.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी त्यांनी शेवटचा चेहरा दाबला. मी खिडकीतून पाहत होते. दाबताना ते इकडेतिकडे पाहायचे, पानटपरीवर उधारी मागणाऱ्या माणसासारखे.

गुरुवारी दुपारी पावणेदोनला दुसऱ्या शिफ्टची गर्दी होती. भाऊंनी चेहरा दाबला, कार्ड लावलं, आणि फाटक उघडलं नाही. पुन्हा लावलं. वरचा दिवा लाल झाला आणि कर्कश आवाज होऊ लागला. मागे तीस-चाळीस माणसं. कोणीतरी म्हणालं, "अरे, काका का कार्ड खराब हो गया." पहारेकरी धावत आला, त्याच्या फोनवर निरोप आला होता. तो वाचून तो अडखळला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, कारण त्याला काही हळू बोलायचं सुचलं नाही, "आपको मेंटल में डाल दिया है मशीन ने. क्रेन पे जाना मना है."

मी ऑफिसातून धावत बाहेर आले. भाऊ फाटकाच्या दांडीला धरून उभे होते. त्यांच्या मागेच त्यांचा सिग्नलमन होता, अकरा वर्षं त्यांच्या क्रेनखाली उभा राहिलेला. त्याने भाऊंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि बाजूच्या फाटकातून आत गेला. त्या दिवशी क्रेन बदली ड्रायव्हरने चालवली.

मग मला कळलं की नियमाला दुसरी बाजू होती. पॅकिंगवाला उदास असेल तर त्याला जपायचं. पण ज्याच्या हातात क्रेन किंवा भट्टी आहे तो तीन दिवस उदास असेल तर त्याला त्या कामावरून काढायचं, कायमचं. हे एका चाळीस पानी इंग्रजी फायलीत लिहिलं होतं. ती फाइल मला पाठवली होती. मी वाचली नव्हती, शिफ्टच्या याद्या छापत बसले होते. साहेबांनी ती कामगारांना दाखवली नाही, समजावली नाही, हे खरं. पण मी वाचली नव्हती हेही खरंच आहे, आणि ते मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये मी त्या दिवशी जे बोलले ते सगळं आठवत नाही. डोक्यात तिडीक गेली होती. साहेब म्हणाले, सेफ्टीचा प्रश्न आहे, उद्या काही झालं असतं तर? मी म्हटलं, बरोबर आहे, झोप नसलेल्या माणसाला क्रेनवर बसवू नये. मग चार महिने का बसवलं? चार महिने तो दिवसा घरचं करून, दोन तास झोपून येत होता, तुमच्याच यंत्राने लावलेली रात्रपाळी करत होता, तेव्हा तो हिरवा होता. ज्या दिवशी त्याने खरं सांगितलं त्या दिवशी तो धोकादायक झाला? त्याला तुम्ही एकदा तरी समोर बसवून विचारलं का की बाबा काय झालं?

"सिस्टम रोज पूछता है, मॅडम."

"सिस्टम को चाय पीना नहीं आता," मी म्हटलं. हे बोलून मला वाटलं की काय बावळटासारखं बोललो आपण. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. ते मऊ आवाजात म्हणाले की मी फार भावनिक झाले आहे, ॲपमध्ये समुपदेशनाची सोय आहे, मी ती वापरून पाहावी.

भाऊंनाही ती सोय मिळाली. त्यांच्या फोनवर एक बाईचा आवाज यायचा, माणसाचा नाही, बनवलेला. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, तुमच्या आवडीच्या जागेची कल्पना करा. भाऊंनी दोनदा ऐकलं. मला म्हणाले, "मी क्रेनची केबिन आणली डोळ्यापुढं. मंग बंद केलं."

त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच. वेल्डिंगच्या कांड्या आणि नटबोल्टची खोकी लावायची आणि मागेल त्याला द्यायची. म्हणजे आम्हाला जे हवं होतं ते मिळालं! रात्रपाळी गेली. साहेबांनी मला तेही दाखवून दिलं, बघा, शेवटी सिस्टमने त्यांचं भलंच केलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

एका रविवारी मी स्कूटी काढली आणि अहिवाऱ्याला गेले. परवानगी घेतली नाही. रविवार माझा आहे. नंदिनीच्या रस्त्यावर खाणीच्या ट्रकांनी पांढरी धूळ उडवलेली, झाडांच्या पानांवर पीठ चाळल्यासारखी बसलेली. भाऊ दारातच होते, बनियनवर, हातात औषधाची बाटली. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. मी आले म्हणजे तीन दिवस झाले असं इतकी वर्षं लोकांच्या डोक्यात बसलं आहे.

वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. खोली स्वच्छ, कोनाड्यात सकाळच्या बुद्धवंदनेची विझलेली मेणबत्ती. पाठीची जखम भरत आली होती, लेकीने मला उघडून दाखवली. गुलाबी कातडी धरली होती. माझ्या जिवात जीव आला. वहिनींचं बोलणं तोंडाच्या एका बाजूने यायचं, पण समजायचं. त्यांनी माझा हात त्यांच्या चांगल्या हातात घेतला.

"तुमच्या साहेबानं... प्रमोशन देलं याईले," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्स... एक अपघात नाही. म्हनून दिवसपाळी. खुर्चीवरचं काम. मी म्हनो ना, इमानदारीले... कोनी ना कोनी पाह्यते."

भाऊ माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. ते खाली जमिनीकडे पाहत होते. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या, उत्तराची वाट पाहत.

"हो वहिनी," मी म्हटलं. "प्रमोशनच आहे. सगळे खुश आहेत."

त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. मी पाणी प्यायले. लेकीने पोहे केले होते, ते संपवले.

निघताना भाऊ रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी स्कूटीची किल्ली फिरवत त्यांना म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. मी तुमाले ते दाबायला लावलं."

"नाही ताई. तिची पाठ भरली. तुमचा काही गुस्सा नाही मले." मग ते थांबले. "फक्त एक गोष्ट. तो माह्या खाली उभा राह्यचा ना, सिग्नलमन. तो परवा स्टोअरमध्ये आला. कांड्या घेतल्या, सही केली, अन् मले म्हणते, काका, इतके महिने तुम्ही वरून बने हे म्हणत होते, अन् मी तुमच्या खाली उभा होतो. बस, इतकंच बोलला. अन् गेला."

"मग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणू? क्रेन तर बनेच होती ताई. हुक पाहून, ब्रेक पाहूनच चढत होतो मी. एकदा हात हालला नाही माह्या. पण त्याले आता कसं सांगू? मशीननं सांगतलं त्याले का मी खोटा हाये. अन् मशीनले मीच सांगतलं."

सव्वीस वर्षं त्या माणसाने एक शब्द सांभाळला होता. पगार वाढो न वाढो, साहेब येवो जावो, तो शब्द त्याचा होता, कारखान्याने दिलेला नव्हता. तो आम्ही काढून घेतला. यंत्राने, साहेबांनी आणि मी. आणि बदल्यात दिवसाची शिफ्ट दिली, जी मी पेन्सिलीने दोन मिनिटांत दिली असती.

आता आमच्या कारखान्यात सगळे पहिलाच चेहरा दाबतात. क्रेनवाले, भट्टीवाले, पॅकिंगची ती दोन पोरंसुद्धा. गुरुवारची ती लाल बत्ती सगळ्यांनी पाहिली होती. मागच्या महिन्यात साहेबांनी नोटीस बोर्डावर कागद लावला की आपल्या युनिटचं मानसिक स्वास्थ्य कधी नव्हे इतकं सुधारलं आहे. कोणीतरी त्यावर पेनने लिहिलं, पंखा? दुसऱ्या दिवशी कागद काढला.

अहिवाऱ्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी फाटकावर शेवटचा चेहरा दाबते, रडणारा. मला वाटलं होतं, होऊ दे काय व्हायचं ते, मलाही बोलवा, मलाही काढा, मग बोलू. काही झालं नाही. फोनवर श्वास घ्यायचा निरोप आला आणि फाटक उघडलं. चार महिने झाले, मी रोज तोच दाबते आणि फाटक रोज उघडतं. मी टेबलावरची बाई, माझ्या खाली कोणी उभं नसतं.

भाऊंचीही आता माझीच वेळ, नऊची. बऱ्याचदा ते रांगेत माझ्या मागे असतात. मी आत जाऊन वळून पाहते. ते खिशातून चष्मा काढतात, डोळ्यांवर ठेवतात, चुकून दुसऱ्यावर बोट पडू नये म्हणून नीट वाकून पाहतात आणि पहिला चेहरा दाबतात. मग चष्मा काढून त्याच्या घरात ठेवतात आणि क्रेनच्या शेडकडे न पाहता स्टोअरकडे चालू लागतात.